काही दुखत नसताना

व्हीआयए, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी गावात होणारी पहिली तपासणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. हे वाक्य सगळ्यात वर लिहिते, कारण आमच्या गावात अशा बायका आहेत ज्यांना पहिल्या तपासणीनंतर ‘पुढच्या तपासणीला कोल्हापूरला जा’ म्हणून चिठ्ठी दिली आणि ती चिठ्ठी अजून तांदळाच्या डब्याखाली पडून आहे. कुणाला वाटलं, आता झालंच असेल, कळून तरी काय करायचं. कुणाला वाटलं, दुखत तर काहीच नाही, मग कशाला जायचं. पहिली तपासणी गावातच होते, थोड्या वेळात होते. बायका हातच्या सुटतात त्या पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधे. मी त्यातून गेले आहे. माझ्या सासूबाई अजून जात आहेत. म्हणून काय काय होतं ते जसंच्या तसं सांगते.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते, वय ४५. आमच्या आशाताई रविवारी मुद्दाम आल्या, कारण एरवी मी घरात सापडत नाही. त्यांच्याकडं तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा भरायचा एक फॉर्म असतो. वय किती, तंबाखू खाता का, दारू घेता का, आठवड्यात चालणं-फिरणं किती, घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयाचा आजार आहे का. कंबर टेपनं मोजतात; बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की तिथंही गुण धरतात. एकूण गुण ४ च्या वर गेले तर त्या माणसाला आधी बोलवायचं. पण तपासणीला यायचं सगळ्यांनीच, गुण कमी असले तरी. त्याच फॉर्ममध्ये दुसरा भाग लक्षणांचा असतो: तोंडात दोन आठवडे न भरलेली जखम, तोंड उघडायला त्रास, आवाजात बदल, स्तनात गाठ, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर परत रक्त दिसणं.

तंबाखूचा प्रश्न आला तसं सासूबाई म्हणाल्या, “मी न्हाई बाई तंबाखू खात.”

आशाताई हसून म्हणाल्या, “आजी, मिसरी?”

“मिसरी म्हंजी काय तंबाखू हाय व्हय? दाताला लावतुया ती.”

आमच्या भागात हे घरोघरी ऐकायला मिळतं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची. भाजताना घरभर असा ठसका उठतो की पोरं अंगणात पळतात. सासूबाईंनी लग्नाच्या आधीपासून मिसरी लावली. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा, आणि दुपारी कुणी शेजारीण आली की परत. दात घासण्यापुरतं ते कधीच राहत नाही. चिमूट खालच्या ओठामागं तशीच बसते. आशाताईंनी ‘रोज तंबाखू’ या रकान्यात खूण केली आणि आम्हां दोघींना उपकेंद्रावरच्या शिबिराची तारीख सांगितली. मला वेगळं बजावलं, “पाळीत येऊ नका, ती संपल्यावर या.”

गावपातळीवर तीनच कॅन्सर तपासतात: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा. त्याला कारण आहे. २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला १४ लाखांच्या आसपास नवे कॅन्सर रुग्ण सापडतात. बायकांत स्तनाचा कॅन्सर पहिल्या नंबरवर, सुमारे १ लाख ९२ हजार. पाठोपाठ गर्भाशयमुखाचा, सुमारे १ लाख २७ हजार. पुरुषांत तोंडाचा सगळ्यांत पुढे. आणि हे तिन्ही असे आहेत की सुरुवातीलाच डोळ्याला दिसतात किंवा हाताला लागतात. त्यांना मोठं यंत्र लागत नाही. टॉर्च, हातमोजे आणि शिकलेली नजर लागते. फुप्फुसाचा किंवा आतड्याचा कॅन्सर असा टॉर्चनं दिसत नाही, त्यांच्या तपासण्या वेगळ्या आणि त्या कुणाला लागतात हे डॉक्टरच ठरवतात.

उपकेंद्रात पडद्याआड एक टेबल, वर हिरवं कापड. सिस्टर माझ्याच वयाच्या. आधी स्तनांची तपासणी केली. बोटांच्या सपाट भागानं गोल गोल दाबत, काखेपर्यंत, मग हात वर करायला लावून. गाठ नव्हती. मला सांगितलं, दुखणारी गाठ आली की बाई लगेच दाखवते, पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. कातडीला खळी पडणं, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, हेही बघायचं. साधी हाताची तपासणी म्हणून मी ती मनात हलकी धरली नाही, कारण मुंबईत टाटा हॉस्पिटलनं सुमारे दीड लाख बायकांवर केलेला २० वर्षांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला आहे. दर दोन वर्षांनी अशी हातानं तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फरक दिसला नाही.

मग व्हीआयए. ज्यांनी केलेली नाही त्यांच्यासाठी नीट सांगते, कारण भीती न माहीत असण्याचीच जास्त असते. आत एक साधन घालून जागा थोडी उघडी करतात. ते गार लागतं, ताण येतो. श्वास सोडत राहिलं की सोपं जातं. गर्भाशयाचं तोंड दिसलं की कापसाच्या बोळ्यानं त्यावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच. वास तसाच आंबूस येतो, थोडं चुरचुरतं. मग एक मिनिट थांबायचं. सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होत्या. नेहमीच्या पेशी गुलाबीच राहतात. ज्यांच्यात बदल झालेला असतो त्या मिनिटाभरात पांढऱ्या पडतात. ते बघायला हा एवढा एक मिनिट लागतो.

माझ्या बाबतीत डावीकडं पांढरा पट्टा उमटला, कडा स्पष्ट. सिस्टरनी आरोग्य अधिकारी बाईंना बोलावलं, त्यांनीही पाहिलं. मी कपडे नीट करून खुर्चीवर बसले तेव्हा त्यांनी वर लिहिलेलं वाक्य सांगितलं. व्हीआयए पॉझिटिव्ह आलेल्या बऱ्याच जणींना नुसता दाह असतो. काहींना पेशींत बदल असतात, पण कॅन्सर नसतो. फार थोड्यांना कॅन्सर निघतो. यातलं तुमचं कुठलं, हे कळण्यासाठी कॉल्पोस्कोपी ही पुढची तपासणी. चिठ्ठी दिली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आशाताईंना समोर बसवून जायचा दिवस ठरवूनच मला सोडलं.

त्या दिवसापर्यंत जे झालं त्याबद्दल मला कळकळीनं लिहायचं आहे. पाहुण्यांतल्या एक जण म्हणाल्या, “पिशवी काढून टाक, मुलं झाल्यात की.” एका ओळखीच्या डॉक्टरांनीही कागद न बघताच तेच सुचवलं. पंचेचाळिशीच्या बाईला आपल्याकडं पिशवी काढायचा सल्ला फार सहज मिळतो. पण कॉल्पोस्कोपी झालेली नाही, तुकडा तपासलेला नाही, काय आहे ते माहीत नाही, तर काय काढायचं आणि का? कॅन्सरआधीच्या बदलांसाठी बहुतेक वेळा तेवढ्याच जागेवर उपचार पुरतो. अख्खी पिशवी काढणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे, तिला तिची कारणं असतात आणि व्हीआयएचा पांढरा पट्टा हे एकटं कारण नव्हे. ज्या कुणाला असा सल्ला मिळेल तिनं ‘आधी कॉल्पोस्कोपीचा रिपोर्ट येऊ दे’ एवढं वाक्य धरून ठेवावं.

दुसरी गोष्ट घरातली. हा कॅन्सर बहुतेक सगळ्या वेळा एचपीव्ही या विषाणूमुळं होतो, आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो. हे ऐकलं की मनात जो प्रश्न उभा राहतो तो कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण तो घर पोखरतो. म्हणून मी शहरातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना सरळ विचारलं. त्यांनी यजमानांना आत बोलावलं आणि दोघांना एकत्र सांगितलं. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. दहातल्या नऊ वेळा शरीर तो वर्ष-दोन वर्षांत स्वतःच काढून टाकतं. काहींच्यात तो ठाण मांडतो, आणि तिथून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. तेव्हा तो कधी आला, कुणाकडून आला, हे आज सांगता येत नाही आणि त्याचा कुणाच्या चारित्र्याशी हिशेब लावता येत नाही. यजमानांनी विचारलं, “मग माझी तपासणी?” त्या म्हणाल्या, पुरुषांसाठी अशी नेहमीची चाचणी नाही, तुम्ही यांच्याबरोबर प्रत्येक वेळी आलात तरी खूप झालं. ते आले. शिरोलीच्या फाउंड्रीतली पाळी बदलून आले.

कॉल्पोस्कोपी म्हणजे दुर्बिणीतून तीच जागा मोठी करून बघणं. यंत्र शरीराबाहेरच असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. परत तेच ॲसिड, मग आयोडीन. आयोडीननं निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि बिघडलेला भाग पिवळसर राहतो. बाजूच्या पडद्यावर मला ते दाखवलं: तपकिरी गोलावर डाव्या अंगाला मोहरीच्या रंगाचा डाग. तिथूनच दोन बारीक तुकडे घेतले. चिमटा काढल्यासारखी कळ येते, पाळीत येते तशी कळ थोडा वेळ राहते, एखाद-दोन दिवस किंचित रक्त जातं. एवढंच.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मात्र अवघड. पतसंस्थेत आकडे जुळवताना मी एकच बेरीज परत परत करत होते.

रिपोर्ट आला: सीआयएन २. सीआयएन म्हणजे पेशींतले कॅन्सरआधीचे बदल, ते तीन पायऱ्यांचे असतात. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप जातो, नजर ठेवली की झालं. २ आणि ३ वर उपचार करतात. ३ तसाच सोडला तर ३० वर्षांत साधारण तीन बायकांपैकी एकीला कॅन्सर होतो, असं न्यूझीलंडमधल्या एका जुन्या दुर्दैवी प्रकरणामुळं कळलं आहे. तिथं बायकांवर उपचारच केले नव्हते. म्हणजे २ वर असताना हाती लागणं हे नशिबाचं नव्हे, तपासणीचं काम.

माझा डाग लहान होता, पूर्ण दिसत होता, कॅन्सरचा संशय नव्हता, म्हणून थर्मल ॲब्लेशन केलं. तापलेली छोटी दांडी त्या जागेवर अर्धा-एक मिनिट टेकवतात, गरजेप्रमाणं परत टेकवतात. त्या जागेला संवेदना कमी असते, त्यामुळं भाजल्यासारखं वाटत नाही. पोटात कळ येते. भूल नाही, मुक्काम नाही. डाग मोठा असता किंवा आत गेलेला असता तर तारेच्या कडीनं तेवढा भाग कापून काढतात. नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, संबंध टाळायचे, जड उचलायचं नाही. सासूबाईंनी माझी घागर बंद केली ती महिनाभर. वर्षानं परत तपासणी, ती झाली, निगेटिव्ह आली. पुढंही येत राहायचं आहे.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार भावली. व्हीआयए आणि एचपीव्ही चाचणीतून जीव वाचतात हे जगाला पटवून देण्यात आपल्याच बायकांचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून टाटानं दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, १२ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि धाराशिव जिल्ह्यात, जेव्हा तो उस्मानाबाद होता तेव्हा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांवर खेड्यातल्या बायकांना घेऊन अभ्यास केला. २००९ साली निकाल आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या व्हीआयएनं मात्र मृत्यूंत ठळक फरक पडला नव्हता; म्हणून व्हीआयए एकदा करून सोडायची नाही, ठरल्या वर्षांनी परत करायची, आणि जिथं एचपीव्ही चाचणी मिळते तिथं ती घ्यायची. शेतात राबणाऱ्या, दवाखान्याचं नाव काढलं की डोक्यावरचा पदर पुढं ओढणाऱ्या त्या बायका आल्या म्हणून आज हे आपल्याला माहीत आहे.

आता सासूबाई. वयामुळं त्यांची व्हीआयए केली नाही. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली की बघायची जागा आत सरकते आणि व्हीआयएचा भरवसा राहत नाही. त्यांचं तोंड मात्र नीट पाहिलं. कवळी काढायला लावली, जे त्यांना चारचौघांत अजिबात आवडलं नाही. ओठ उलटा करून, गालांच्या आत, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू, मग मानेला हात लावून. खालच्या ओठामागं, अगदी चिमूट बसते तिथं, पांढरा चट्टा. गॉजनं पुसला तरी गेला नाही. पुसल्यावर न जाणारा पांढरा चट्टा, आणि त्याहून काळजीचा म्हणजे मखमलीसारखा लाल चट्टा, हे दोन्ही पुढं दाखवायचेच.

कोल्हापूरला डॉक्टर तुकडा घ्यायचा म्हणाले आणि घरात गोंधळ उडाला. गाठीला, जखमेला लोखंड लावलं की कॅन्सर पसरतो, असं आमच्याकडं जुनी माणसं ठामपणे सांगतात. थोरल्या नणंदेनं फोनवर रडून घेतलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: सुई लावल्यानं, तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही. लोकांना तसं वाटतं कारण माणसं फार उशिरा येतात, रोग आधीच पसरलेला असतो आणि दोष तुकड्याला लागतो. तुकड्याशिवाय उपचार ठरवताच येत नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काढा. आता ह्या वयात लोखंडाला काय भ्यायचं?”

त्यांचा रिपोर्ट सौम्य बदलांचा आला. कॅन्सर नाही. पण मिसरी बंद, आणि ठरावीक महिन्यांनी दाखवायला यायचं. पैशाची काळजी त्यांनी आधीच बोलून दाखवली होती, म्हणून आरोग्यमित्राच्या खिडकीवर जाऊन मी विचारून ठेवलं: कॅन्सर निघालाच असता तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात, रेशन कार्ड आणि आधार बरोबर हवं.

मिसरी सोडणं हे खरं युद्ध आहे आणि ते अजून संपलेलं नाही. “मिसरीबिगर पोट साफ हुईत न्हाई,” हे त्यांचं पहिलं कारण. ते खोटं नाही. इतक्या वर्षांत आतड्याला निकोटिनचा धक्का सवयीचा झालेला असतो, आणि सोडल्यावर काही दिवस खरंच त्रास होतो. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी वाढवली. डबी तीच ठेवली, आत भाजलेला ओवा आणि बडीशेप. कारण त्यांचा हात कमरेच्या पिशवीकडं जातोच, आणि तो रिकामा परत आला की चिडचिड होते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. त्यावर बोलायला त्या तयार झाल्या नाहीत, पण धाकट्या भावजींनी तो नंबर त्यांच्यासमोर स्वतःसाठी लावला.

भावजींचं असं झालं की ते मावा खातात. सुपारी, तंबाखू, चुना. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर हातानं मळून मिळतोच. सुपारी स्वतःच कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सासूबाईंच्या तपासणीनंतर मी स्वयंपाकघरातच त्यांना म्हटलं, भावजी, तीन बोटं उभी तोंडात घालून दाखवा. त्यांची दोनच गेली. गालाची आतली कातडी ताठ होऊन तोंड असं हळूहळू बंद होत येतं, तिखट खाल्लं की आग होते. त्यांना ते दोन वर्षांपासून होत होतं आणि ते भडंगाला मिरची जास्त झाली म्हणून दुकानदाराला बोलत होते. सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं, मावा पूर्ण बंद करायला सांगितलं, तोंडाचे व्यायाम दिले. कातडी पूर्ववत होईलच असं नाही, पण पुढं जाणं थांबवायचं आहे.

माझी मुलगी १३ वर्षांची. तिला पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस दिली. १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, १५ च्या पुढं तीन. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर करतात, आणि लस त्या दोघांना अडवते. तिला मी सांगून ठेवलं आहे की लस घेतली तरी तिशीत तपासणी आहेच, कारण उरलेले प्रकार आहेत. तिनं विचारलं, मुलांना देत नाहीत का? ही लस मुलांनाही चालते. पुतण्या ११ चा आहे; जाऊबाईंशी त्याबद्दल बोलणं चालू आहे.

जाऊबाई स्वतः यंदा तीस पूर्ण झाल्या. त्यांची पाळी संपली की पुढच्या शिबिराला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि पडद्याच्या बाहेर थांबणार आहे.